परक्याचा पाय

आमच्या सासरच्या पुरुषांना दोन गोष्टींचा गर्व होता. एक स्वतःच्या उंचीचा, आणि दुसरा त्या उंचीच्या तळाशी जे असतं त्याचा, म्हणजे पावलांचा. मामंजी, थोरले भावोजी आणि आमचे हे, तिघेही सहा फुटांच्या वरचे. कुडाळच्या बाजारात चपला शिवणारा आमच्या घरासाठी वेगळे साचे ठेवी आणि त्यांना 'पडाव' म्हणे, म्हणजे माल वाहायच्या होड्या. मामंजी पडवीत बसले की पाय मुद्दाम पुढे पसरीत. आल्यागेल्याला वळसा घालून जावं लागे. "आमच्या घराण्यात पाऊल ल्हान नाय," असं ते सांगत. जणू पाऊल मोठं असणं ही काही कष्टाने मिळवायची वस्तू आहे. मी लग्न होऊन आले, माप ओलांडलं, तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "बावलेचे पाय गो हे. शेतात चिखल तुडवूक उपेगाचे नाय." बाहुलीचे पाय, हे मी ऐकलं. ऐकू यावं म्हणूनच त्या म्हणाल्या होत्या.

गोवा मोकळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या भागात गोव्याच्या वस्तूंची साथ आली. कुणी शिवणयंत्र आणलं, कुणी रेडिओ आणला, एकाने तर काचेचं झुंबर आणलं आणि घराला टांगण्याजोगं छप्पर नाही हे त्याला घरी आल्यावर कळलं. मामंजी काजूच्या कामाला म्हापशाला गेले आणि मोटार घेऊन आले.

ती दोन माणसांची मोटार होती. शर्यतीत पळवतात तसली. लाल, बिनटपाची, पुढे लांबलचक नाक, मागे जवळजवळ काहीच नाही, आणि उंची माझ्या कमरेएवढी. कोणी गोरा अंमलदार देश सोडून चालला होता, त्याच्या अंगणात ती झाकून ठेवलेली. मामंजींनी कापड दूर करायला लावलं, तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि घेऊन टाकली. आत बसून बघितलं नाही. का, तर पूजा झाल्याशिवाय नव्या वाहनात बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चप्पल घेताना माणूस पाय घालून बघतो, टोपी घेताना डोकं घालून बघतो. आमच्या मामंजींनी मोटार नुसता नमस्कार करून घेतली. ती घरापर्यंत आणली एका गोवेकर ड्रायव्हरने. सुक्या बोंबलासारखा माणूस होता. त्याला चहा पाजला आणि लगोलग बसमध्ये बसवून दिला. मोटारीत माणूस कसा मावतो हे त्या एकालाच ठाऊक होतं, आणि त्यालाच आम्ही घालवून दिला.

पण मोटार का घेतली, ते आधी सांगायला हवं. मोटारीचं खरं कारण माझी नणंद. आमच्या वन्सं कुडाळच्या शाळेत शिकवीत. हुशार, बोलायला तिखट, आणि उंचीला पाच फूट नऊ इंच. पाहुणे यायचे, पोहे खायचे आणि जाताना म्हणायचे, "मुलगी आवडली, पण." तो पणही पाच फूट नऊ इंच असे. बापाची उंची म्हणजे घराण्याची शोभा, आणि तीच उंची लेकीच्या अंगावर आली की घराण्याची अडचण. हा हिशोब मला कोणी समजावून सांगितला नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

त्या वर्षी मुंबईच्या एका प्राध्यापकाचं स्थळ आलं. वन्संनी त्यांच्याविषयी जे ऐकलं ते त्यांना आवडलं होतं. तसं त्या माझ्याजवळ बोलल्या, आणि आधीच्या एकाही स्थळाविषयी त्या असं बोलल्या नव्हत्या. मुलाने फोटो बघून होकार कळवला होता. फोटो बसलेला होता. त्यांनी उंची विचारली तेव्हा मध्यस्थाने 'बेताची' म्हणून सांगून टाकली होती. मुलगा आणि त्याचे मामा बोटीने मालवणला उतरायचे होते, आणि मामंजींनी निरोप धाडला होता की धक्क्यावर आमची मोटार येईल. त्यांचा सिद्धान्त असा, की दारात अशी मोटार बघितल्यावर मुलीची उंची कोण मोजत बसतो. तरी खबरदारी म्हणून वन्संना पाहुणे यायच्या आधीच पाटावर बसवायचं, चहा दुसऱ्यांनी द्यायचा, आणि पाहुणे अंगणाबाहेर जाईपर्यंत त्यांना उठू द्यायचं नाही, असं ठरलं.

"आणि लगीन लागताना?" वन्संनी विचारलं. "थंयसर पण मी बसानच?"

"ता मगे बघूया," मामंजी म्हणाले.

तर मोटारीची पूजा झाली. सगळा गाव अंगणात. गाऱ्हाणं घालायचा मान गावच्या एका म्हाताऱ्या गावकरांकडे होता. ते देवाशी असे बोलत, की जणू देव शेजारच्या खाटेवर बसला आहे. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे. चार माणसांनी मागून 'व्हय म्हाराजा' म्हटलं की तो देवाशी झालेला करार. म्हणून त्यात काय घालायचं ते माणसाने विचार करून घालावं. मामंजींनी विचार केला होता, पण भलत्याच गोष्टीचा. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, माझे चुलत सासरे राहत; वाटणी झाल्यापासून मामंजी त्यांना परक्यातच धरीत. ते आमची शिडी नेत, आमची घमेली नेत, एकदा देवघरातली समईसुद्धा नेली होती. ते मोटार मागणार ही धास्ती मामंजींना होती. म्हणून त्यांनी गावकरांच्या कानात काहीतरी सांगितलं.

"बा देवा म्हाराजा," गावकरांनी सुरुवात केली, "आज ह्या तुझ्या लेकरान नवी गाडी हाडलेली आसा. ती सुखान चलांदे. वाटेत खड्डो इलो तर बाजूक कर."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आणि ह्या घराण्याचो पाय सोडून चलयताना परक्याचो पाय तिका लागा नये. कोणी लावलोच, तर त्येका तू बघून घे."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठ्याने चुलत सासरे म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि का आवरत नव्हतं ते आम्हाला थोड्याच वेळात कळलं.

मामंजी मोटारीत शिरायला लागले. अनवाणी, अर्थात. हळदकुंकू वाहिलेल्या लक्ष्मीत चप्पल घालून कोण बसेल? एक पाय आत गेला. दुसऱ्यासाठी आत जागा उरली नव्हती. बराच वेळ वाटाघाटी होऊन तोही गेला, पण गुडघे मोटार वळवायच्या चक्राच्या दोन बाजूंनी कानांपर्यंत वर आले. मामंजी चुलीपाशी शेकत बसलेल्या बेडकासारखे दिसत होते. खाली पायांशी दोन नारळ मावतील एवढी पोकळी, आणि त्यात तीन पट्ट्या एकमेकींना चिकटून. मामंजींचं उजवं पाऊल त्यांतल्या दोन पट्ट्या एकदम झाकून उरत होतं. एक पळायची, एक थांबायची. त्यामुळे त्यांनी पाय ठेवला की मोटार एकाच वेळी धावू आणि थांबू लागे. ती गुरगुरली, सगळं अंग थरथरवलं आणि बंद पडली.

"गाडी नाठाळ आसा," मामंजी म्हणाले.

थोरले भावोजी काजूचा ट्रक चालवायचे. त्यांना वाटे, ट्रक चालवणाऱ्याला बाकी सगळं सोपं. "पाय आडो घालूक व्हयो," असं म्हणत ते तिरके शिरले. तिरके बसल्यावर त्यांचा गुडघा भोंग्यावर टेकला आणि भोंगा जो वाजू लागला तो थांबेना. गोठ्यातली म्हैस दावं तोडून माडांत पळाली. भोंगा बंद करायचा तर गुडघा हलवायला हवा, आणि गुडघा हलवायला आत जागा नव्हती. ते आत येताना ज्या वाटेने आले ती वाट त्यांना परत सापडली नाही. शेवटी भोंग्याची तार तोडली. भावोजींना तिथेच चहा दिला, आणि पान्हे आणून खुर्चीसकट त्यांना उचलून बाहेर काढलं. चार गडी लागले. मिरवणूक निघाल्यासारखं वाटत होतं, फक्त ताशा नव्हता.

गडग्यावर हनुवटी टेकून चुलत सासरे उभेच होते. "काय रे, गाडी घालून बघतास? नंबर चुकलो वाटता. बाजारात बदलून गावता काय बघ."

"तू आपलो गडगो बघ," मामंजी म्हणाले.

"गडगोच बघतंय. हयसूनच बरा दिसता."

आता राहिले आमचे हे. हे कोल्हापूरला शास्त्र शिकलेले, त्यामुळे घरात काही बिघडलं की ते आधी कागदावर चित्र काढीत. चित्र काढून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष खुर्चीचा आहे. खुर्ची तर भावोजींबरोबर बाहेर आलीच होती. तिच्या जागी गोणपाटाची घडी टाकून हे बसले. गुडघे सुटले, हे कबूल करायला हवं. पण आता यांचे डोळे मोटारीच्या नाकाच्या खाली गेले. समोर यांना फक्त आभाळ दिसत होतं. "रस्तो सरळ आसलो तर चालात," हे म्हणाले. आमच्याकडचा रस्ता सरळ फक्त विहिरीत जातो. आणि पाऊल काही खुर्ची काढल्याने लहान होत नाही. "नुसत्या आंगठ्यान दाब," भावोजींनी वरून शिकवलं. यांनी नुसत्या अंगठ्याने दाबलं आणि अंगठा दोन पट्ट्यांच्या मधे अडकला. तो सोडवायला खोबरेल तेल मीच आणलं. सुजलेला अंगठा हे पुढे कित्येक दिवस सगळ्यांना दाखवीत होते, लढाईवरून आलेल्या माणसासारखे.

दुपारी पुरुष झोपल्यावर वन्संनीही गंमत म्हणून खुर्ची जागेवर लावून बसून बघितलं. गुडघे नाकापर्यंत. "बघ गो वयनी," त्या म्हणाल्या, "घराण्याचो मान." आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून हसलो. मग त्यांनी पदर सोडला आणि चक्रावर हात ठेवले. "मोटार धक्क्यार गेली नाय तर बाबा तोंड लपवतले. काय तरी निमित्त करून पावण्यांका थंयसूनच परत धाडतले. आणि ह्या स्थळ तरी माका असा जावचा नको होता."

संध्याकाळी यांनी सुचवलं की एस.टी.चा एखादा बुटका ड्रायव्हर एका दिवसापुरता आणावा. मामंजींचा चेहरा उजळला. पण गावकर चुना मळता मळता म्हणाले, "आणि देवाक काय सांगितलास? परक्याचो पाय नको म्हणान."

"ता मी ह्येच्यासाठी सांगितलंय," मामंजींनी गडग्याकडे बोट केलं.

"मगे देवासमोर बोट दाखवन सांगूक व्हया होता. आता ड्रायव्हर पण परकोच."

देवाशी केलेल्या करारात घराण्याचा पाय होता, आणि घराण्याचा एकही पाय मोटारीत मावत नव्हता. तेव्हा दारातून वन्सं म्हणाल्या, "वयनी चलयतली."

माझ्या वडिलांच्या सर्व्हिस मोटारी होत्या, एस.टी. येईपर्यंत वेंगुर्ला–सावंतवाडी धावायच्या. त्यांच्या आवारात मी मोठ्या गाड्या चालवत वाढले, आणि माझ्या आत्यांना झीट यावी म्हणून वडिलांनी मला परवानाही काढून दिला होता. सासरी हे सर्वांना माहीत होतं आणि त्याचा उल्लेख 'मोटारवाल्याचा चेडू', म्हणजे मोटारवाल्याची पोर, एवढाच होत असे.

मामंजींनी माझ्या पावलांकडे बघितलं. लग्नानंतर प्रथमच, बहुतेक. "सून घरची," ते विचार करून म्हणाले, "पण पाय म्हायेरचो."

हे वाक्य मी जन्मभर जपून ठेवलं आहे.

"तिच्या हातचा जेवतास, तो हात घरचो," वन्सं म्हणाल्या. "पाय तेवढो परको? आणि माझो पाय मगे खंयचो?"

वन्संचा पाय घरचा होता, पण मोठा होता, आणि सगळ्यांची इच्छा तो लवकरात लवकर परका व्हावा अशीच होती. गावकरांनी चुना पानाला लावला आणि म्हणाले, "देवाकच इचारूया."

सकाळी देवळात कौल लावला. देवाच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या दोन्ही बाजूंना चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावकरांनी प्रश्न घातला, सुनेचा पाय घराण्याचा धरायचा का. आणि आम्ही वाट बघत बसलो. पाकळ्या हलेनात. मामंजी घामाघूम झाले. देवसुद्धा विचारात पडला असेल तर नवल नाही, घराणंच तसं. वन्सं दारात उभ्या होत्या. त्या दारात उभ्या राहिल्या की दार भरून जाई. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग त्या हळूच एका बाजूला सरकल्या. खाडीवरचा वारा आत आला. उजवी पाकळी पडली.

"उजवो," गावकर म्हणाले.

अशा रीतीने माझा पाय घराण्यात दाखल झाला.

पाहुणे यायच्या दिवशी मी पदर खोचला आणि बसले. पावलं बरोबर पट्ट्यांवर. जणू तो गोरा अंमलदार माझ्याच मापाचा होता. हे देखरेखीला धक्क्यापर्यंत शेजारी बसणार होते, पण सुजलेल्या अंगठ्याने त्यांना शेजारच्या खुर्चीतही शिरता येईना, त्यामुळे मी एकटी. निघताना मामंजी जवळ आले. "उंची इचारल्यानी तर बेताची म्हणान सांग."

ते वळल्यावर वन्सं आल्या. "वयनी, इचारल्यान तर खरा सांग गो. नायतर तो इतक्या लांबसून येतलो, माका उठताना बघतलो, आणि जातलो. त्यापेक्षा वाटेतसूनच जांवदे."

मी मालवणला पोचले. धक्क्यावर बोटीतून पडाव येत होते, माणसं उतरत होती. प्राध्यापकांना शोधावं लागलंच नाही. पोफळींत माड उभा असावा तसे ते गर्दीत उभे होते. त्यांचे बूट बघून मला सासर आठवलं. त्यांचे मामा गोल आणि बुटके. त्यांनी मोटारीकडे बघितलं, मग चक्रामागच्या नऊवारीकडे, आणि म्हणाले, "मी आपला एस.टी.नं येतो."

प्राध्यापक मात्र बसले. म्हणजे घडी होऊन आत गेले. गुडघे हनुवटीला, आणि वरून मांडीवर ट्रंक. तांबड्या धुळीतून, पोट घासत आम्ही निघालो. बऱ्याच वेळाने ट्रंकेमागून आवाज आला.

"वहिनी, एक विचारू? मुलीची उंची किती?"

मामंजींचं 'बेताची' माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"इंच मला ठाऊक नाहीत," मी म्हटलं. "पण तुम्ही या गाडीत जितके मावता, तितक्याच त्या मावतात."

"मध्यस्थ तर बेताची म्हणाले. पाच फूट दोन."

"मध्यस्थ बसवून मोजतात."

त्यांनी ट्रंक मांडीवर आणखी वर ओढून घेतली. नेरूरपार आलं, गेलं. मी दोनदा वळून बघितलं, पण ट्रंकेच्या वर फक्त कपाळ दिसत होतं, आणि कपाळावरून माणसाचं काय कळतं? वन्संनी सांगितलं तेच मी केलं होतं. पण त्यांच्या शेवटच्या आशेवरून मोटार मीच चालवत होते.

अंगणात सगळे उभे होते. प्राध्यापकांना बाहेर येता येईना. थोरले भावोजी अनुभवी माणसाच्या थाटात पुढे झाले. "आदी डावो पाय. नाय, नाय, आडो. माका म्हायत आसा." प्राध्यापक बाहेर आले आणि सरळ उभे राहिले, तेव्हा मामंजींना आयुष्यात प्रथमच कोणाशी तरी बोलताना मान वर करावी लागली. त्यांना ते आवडलं नाही, पण अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटणं त्यांना चांगलं जमे.

मामा एस.टी.ने येऊन पोचले. माजघरात वन्सं पाटावर बसल्या होत्या, पाट दिसू नये म्हणून लुगडं पसरून. चहा फिरला. कोणता वर्ग शिकवता, काय शिकवता, असं थोडं बोलणं झालं. वन्सं डोळे खाली न घालता उत्तरं देत होत्या. मग प्राध्यापकांनी बशी खाली ठेवली.

"जरा उभ्या राहाल का?"

सासूबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. "तिचो पाय लचकलो आसा," भावोजी म्हणाले. "काल पडली," हे म्हणाले. दोघांनी वेगवेगळा पाय दाखवला.

वन्सं उठल्या. सावकाश, पण सगळ्याच्या सगळ्या. पाटावर त्या उभ्या राहिल्या आणि प्राध्यापकही उभे राहिले.

"पाट उंच आहे जरा," मामंजी घाईघाईने शुद्ध मराठीत म्हणाले.

वन्सं पाटावरून खाली उतरल्या. फारसा फरक पडला नाही.

प्राध्यापकांनी त्यांच्याकडे सरळ बघितलं, मग मानेमागे हात नेऊन ती चोळली. "आजवर जितक्या मुली दाखवल्या," ते म्हणाले, "त्यांच्याशी बोलून बोलून ही मान अवघडून जायची."

"माझी पाठ," वन्सं म्हणाल्या. "सकाळपासून बसवून ठेवलंय ह्यांनी."